चार मिलिमीटरची शरशय्या

करंगळीच्या नखावर सहज मावेल एवढी सिलिकॉनची चकती: चार मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद. तिच्यावर दहा ओळींत दहा-दहा अशा शंभर सुया. शरशय्याच म्हणा ना! फरक इतकाच, की ही उलटी करून मेंदूत रोवतात. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात रिचर्ड नॉर्मन यांनी ती घडवली, म्हणून तिचे नाव युटा ॲरे.

सुया करताना सिलिकॉनच्या ठोकळ्यात हिऱ्याच्या करवतीने आडवे-उभे चर पाडतात, उरलेले खांब आम्लात झिजवून टोकदार करतात. चेतापेशींचे स्पंद ऐकते ते फक्त टोक. बाकीच्या अंगावर विद्युतरोधक लेप.

खरी पंचाईत पुढे. मेंदू खव्यासारखा मऊ. शंभर सुया हळूहळू दाबल्या, की त्या आत न शिरता पृष्ठभागच खाली दबतो, रक्तवाहिन्या फुटतात. उपाय उलटाच निघाला: हवेच्या दाबावर चालणारी हातोडी, सेकंदाला सुमारे आठ मीटरचा वेग. नाजूक जागी घणच बरा, हे पचायला मला वेळ लागला.

सूक्ष्म टोक चेतापेशीत शिरत नाही, शेजारी उभे राहते. पेशी स्पंद सोडते तेव्हा तिथे पोचतो तो फार तर शंभरेक मायक्रोव्होल्टचा झटका, म्हणजे पेन्सिल सेलच्या दाबाचा पंधरा हजारावा भाग, तोही जेमतेम एक सहस्रांश सेकंद. एका टोकाला दोन-तीन पेशी एकदम ऐकू येतात. ओसरीवर बसून माजघरातले आवाज ओळखावेत, तसे स्पंदांच्या आकारावरून त्या वेगळ्या काढतात.

'मन वाचणारी चिप' हे वर्तमानपत्री कौतुक मला पटत नाही. माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे 8,600 कोटी. माणसांत बसवलेल्या या चकतीच्या तारा 96. शिवाय सुयांभोवती व्रणासारखी ऊती धरते आणि काही वर्षांत बरेच आवाज विरतात.

तरीही 2004 साली मानेखाली लुळ्या पडलेल्या मॅट नेगल यांनी याच चकतीच्या जोरावर नुसत्या इराद्याने संगणकाच्या पडद्यावरचा बाण हलवला. पुढे पक्षाघाताने हातपाय आणि वाचा गमावलेल्या कॅथी हचिन्सन यांनी यांत्रिक हात चालवून बाटलीतली कॉफी ओठांशी आणली. चकती तेव्हा पाच वर्षे जुनी होती. सहा प्रयत्नांपैकी चारदा जमले.