गच्चीवरच्या हॉटेलाला पडदे देण्यापूर्वी

मुंबईसारख्या शहरांत जुनी हॉटेले नव्याने सजवून गच्चीवर उपाहारगृह व बार काढण्याची पद्धत वाढली आहे. बारसाठी माल द्यावा की नाही, हे ज्याने त्याने आलिमांना विचारून ठरवावे. मात्र खोल्यांच्या चादरी, टॉवेल, पडदे हा सरळ कापडाचा व्यवहार आहे. सोलापूरचे टॉवेल, भिवंडी-मालेगावच्या मागांचे कापड आणि आपले शिलाई कारागीर, सर्वांना त्यात वाव आहे.

प्रथम खोलीचा हिशेब. हॉटेलवाले एका पलंगामागे सहसा चादरींचे किमान तीन जोड ठेवतात: एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. म्हणजे ५० पलंगांना १५० जोड. रंग बहुधा पांढरा, कारण तो गरम पाणी व ब्लीच सोसतो. चांगल्या हॉटेलात टॉवेलचे वजन चौरस मीटरला साधारण ५०० ते ६०० ग्रॅम मागतात. नमुना देण्यापूर्वी तो आपण स्वतः पाच-दहा वेळा धुऊन किती आटतो ते मोजावे.

गच्चीचे कापड ही वेगळी जबाबदारी आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण दगावले. हुक्क्याच्या निखाऱ्याच्या ठिणग्या पडद्यांवर पडल्या असाव्यात, असे अग्निशमन दलाच्या चौकशीत पुढे आले. पडदा कोणीतरी विकलेला असतो, हे आपण विसरू नये.

हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. सुती कापडाला जळत राहण्यास सुमारे १८ टक्के पुरतो, म्हणून ते भराभर पेटते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचे तापलेले थेंब खाली गळतात. त्यात गच्चीवरचा वारा. यावर आगरोधक कापड दोन प्रकारचे मिळते. एकात धाग्यातच आगरोधक गुण असतो. तो धुलाईने जात नाही. दुसऱ्यात तयार कापडावर रसायन चढवतात. ते स्वस्त पडते, पण पुष्कळदा धुलाईबरोबर उतरत जाते. उघड्या गच्चीवर पाऊसही तेच काम करतो.

पडद्यांसाठी आय.एस. १५७४१ हे भारतीय मानक आहे. मुंबईत वरळीची सस्मिरा व घाटकोपरची बिट्रा या संस्था कापडाची तपासणी करतात. अहवाल आपण देत असलेल्या मालाचाच असावा आणि किती धुलायांनंतर तपासला, ते त्यात पाहावे. अहवाल हाती नसताना बिलावर ‘फायरप्रूफ’ लिहिणे हा खोटा सौदा आहे, आणि त्यात माणसांचे जीव गुंतलेले आहेत.

शेवटी पैशाची गोष्ट. हॉटेलांची उधारी लांबते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशिराबद्दल व्याजही आहे. परंतु केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. २०२१ पासून त्याला उद्यम नोंदणी करता येते, पण तिचा लाभ बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरताच आहे. म्हणून मागवाल्यांनी व शिलाई कारखानदारांनी उद्यम नोंदणी करून तिचा क्रमांक बिलावर छापावा. व्यापाऱ्याने आगाऊ रक्कम घ्यावी आणि मुदत व व्याज ऑर्डरवरच लिहून घ्यावे. तोंडी भरवशावर हॉटेलाचा माल कापू नये.