पाचवा सरला, सातवा लागायचाय

मळमळ थांबलेली असते. जेवण जायला लागतं, चेहऱ्यावर तुकतुकी येते आणि चालताना धाप लागावी इतकं पोट अजून वाढलेलं नसतं. पाचव्याच्या अखेरीपासून सातवा लागेपर्यंतचे दिवस सगळ्यात सुखाचे, असं घरातल्या मोठ्या बायका सांगतात, आणि ते बरंचसं खरंही आहे. घोटाळा होतो तो पुढच्या वाक्यात: "आता काय, थेट सातव्यात दाखवू."

डॉक्टर महिने मोजत नाहीत, आठवडे मोजतात, तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्या हिशेबाने हा काळ २० ते २७ आठवड्यांचा. ओकारी आणि कळा जशा जाणवतात, तशी रक्तातली साखर जाणवत नाही. रक्तदाब आणि हिमोग्लोबिनही गुपचूप बिघडतात. बिघाड सुरू होण्याचा काळ मात्र बहुतेकदा हाच.

साखरेचंच घ्या. "आमच्यात कुणालाच डायबेटिस नाही" किंवा "मी गोड खातच नाही" म्हणून तपासणी टाळली जाते. पण गरोदरपणातला मधुमेह मुळात वारेतून येणाऱ्या हार्मोन्समुळे होतो. ती इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, आणि वार वाढते तसा त्यांचा जोर वाढतो. म्हणून पहिल्या भेटीत साखर ठीक निघाली तरी २४ ते २८ आठवड्यांत ती पुन्हा बघतात. आपल्या सरकारी दवाखान्यांतली पद्धत सोपी आहे. पोटात काही असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर १४० किंवा वर गेली तर उपचार लागतात. बऱ्याच जणींना आहार बदलून आणि रोज चालून भागतं, इन्सुलिनची वेळ येत नाही.

"पायाला सूज सगळ्यांनाच येते." येते, संध्याकाळी घोट्याशी येते आणि पाय वर घेऊन पडलं की उतरते. चेहरा सुजणं, बोटातली अंगठी अचानक घट्ट होणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, हे मात्र त्यातलं नाही, ही रक्तदाब वाढल्याची लक्षणं असू शकतात. गरोदरपणामुळे वाढणारा रक्तदाब साधारण २० आठवड्यांनंतर डोकं वर काढतो. १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा दिसला की डॉक्टर सावध होतात. त्या लक्षणांपैकी एक जरी दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कित्येक जणींना तर काहीच जाणवत नाही, दंडाला पट्टा बांधल्यावर आणि लघवी तपासल्यावरच कळतं.

आता लाल गोळ्या. त्यांच्याइतकी बदनामी दुसऱ्या कुठल्या औषधाच्या वाट्याला आली नसेल. "लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं" ही समजूत कुठून निघाली असावी, हे ओळखणं अवघड नाही. गोळ्या सुरू झाल्या की शौचाचा रंग काळा होतो, कारण न पचलेलं लोह बाहेर पडतं. त्याचा बाळाच्या कातडीशी संबंध नाही. रंग आई-बापाकडून येतो, केशरदुधानेही तो उजळत नाही. (केशर महाग आहे. त्या पैशांत अंडी, शेंगदाणे, डाळी येतील.) या काळात आईच्या अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं, पण त्यातला पातळ भाग लाल पेशींपेक्षा जास्त वाढतो, म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरणारच. ते ११ च्या खाली गेलं की सहसा रक्तक्षय मानतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायका त्यात सापडल्या. ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी रोज, निदान १८० दिवस घ्यायची असते. ती चहाबरोबर नको. कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, दोन्हींत दोनेक तासांचं अंतर हवं.

याच धाग्यातला एक डोहाळा आहे. भाजलेली माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते, आणि घरचे हौसेने आणून देतात, कारण डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाच्या तोंडातून लाळ गळते म्हणे! लाळ प्रत्येकच बाळाची गळते. दात येताना गळते, तोंडातली लाळ नीट गिळता येत नाही तोवर गळते. आंब्याचे, चिंचेचे डोहाळे जरूर पुरवा. मातीचे मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला. ते बहुतेकदा लोह कमी पडत असल्याची खूण असतात, आणि मातीतून जंत जातात ते वेगळेच.

"दोन जिवांचं खा" हा सल्लाही असाच प्रेमाने दिलेला. आपल्या आहारशास्त्रज्ञांच्या हिशेबाने या काळात रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे दोन माणसांचं जेवण नव्हे, एखादी भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध.

हालचाल कधी कळावी, यावरून सासू, जाऊ, मैत्रीण अशा सगळ्यांचे अनुभव पुढे येतात आणि पहिलटकरीण घाबरून जाते. पहिल्या खेपेला ती विसाव्या आठवड्याच्या आसपास कळते, दुसऱ्या खेपेला आधी. वार पोटाच्या पुढच्या बाजूला असेल तर उशीर होतो. चोवीस आठवडे भरले तरी काहीच जाणवलं नाही, तर मात्र दाखवायला जायचं.

"वार खाली आहे" असं सोनोग्राफीत आलं की घरात बाईला पलंगावरून हलू देत नाहीत. विसाव्या आठवड्यात वार खाली दिसणं सर्रास आढळतं. गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची ती वर सरकते, आणि पुढे एकदा सोनोग्राफी करून ते पाहतात. रक्त दिसलं तरच धावपळ करायची.

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो, ध्वनिलहरी असतात. व्यंग शोधणारी तपासणी १८ ते २० आठवड्यांत व्हायला हवी, "सहाव्यात करू" म्हणून ढकलू नये. कारण गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक परिस्थितीत गर्भपाताची मुदत २४ आठवडे आहे. त्यापुढे बाळात गंभीर व्यंग निघालं तर प्रकरण वैद्यकीय मंडळापुढे जातं. मुलगा की मुलगी, हे मात्र सोनोग्राफीच्या वेळी विचारायचं नाही, सांगायचं नाही. पोट पुढे आलं की मुलगा, हा तर्कही सोडून द्यावा. पोटाचा आकार आईच्या स्नायूंवर, उंचीवर आणि बाळ कसं पडलंय त्यावर ठरतो.

शेवटची समजूत सगळ्यात जुनी: सातव्याचं बाळ जगतं, आठव्याचं जगत नाही. सुश्रुतसंहितेत आठव्या महिन्यात ओज, म्हणजे जीवनशक्ती, अस्थिर असतं असं म्हटलंय. ग्रीसमधल्या हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतही आठव्या महिन्याच्या बाळाची अशीच धास्ती आहे. गोष्ट प्रत्यक्षात उलटी आहे. पोटातला प्रत्येक आठवडा फुप्फुसं तयार करतो, म्हणून आठव्यात जन्मलेल्या बाळाची जगण्याची शक्यता सातव्यातल्यापेक्षा जास्त असते. सातव्यातली बाळं आज वाचतात ती नवजात अतिदक्षता विभागामुळे, आणि बाळंतपणाआधी आईला वेळेत मिळालेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनमुळे. ते इंजेक्शन मिळायचं तर आई आधी पोहोचायला हवी. सहाव्या-सातव्यात ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर "सातव्याचं जगतं" म्हणत घरी थांबू नका. १०२ किंवा १०८ ला फोन लावा, रुग्णवाहिका फुकट येते.