दूरस्थ नेत्रचलन-उपचार आणि वर्तमानाची सुरक्षितता

मानसिक आघातावरील उपचारांत 'नेत्रचलनाद्वारे संवेदनशीलता-शमन व पुनःसंस्करण' अशा लांबलचक नावाची, परंतु ई.एम.डी.आर. या आद्याक्षरांनीच अधिक परिचित असलेली, एक पद्धती आहे. तिचे बाह्य रूप साधे आहे. उपचारक समोर बसून आपली दोन बोटे उपचारार्थीच्या डोळ्यांपुढून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवितो; उपचारार्थी त्या बोटांचा नजरेने मागोवा घेतो आणि त्याच वेळी आयुष्यातील एखादा दुःसह प्रसंग मनापुढे धरतो. इतक्या निकट सान्निध्यावर उभारलेली ही पद्धती २०२० मध्ये, करोनाच्या साथीने माणसांना घरोघरी बंदिस्त केले तेव्हा, एकाएकी संगणकाच्या पडद्यावर गेली. साथ ओसरली, तरी ही रीत टिकून राहिली आहे.

यातून जो प्रश्न उद्भवतो तो केवळ सोयीचा नाही. उपचारकाचे बोट गेले, त्याची खोली गेली, तरीही उपचार तोच राहतो काय? या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर उपचाराचा प्राण कशात आहे हे आधी ठरविले पाहिजे. प्रस्तुत लेखात हा विचार उपचार घेणाऱ्या व्यक्तीच्या बाजूने, म्हणजे पडद्यासमोर आपल्याच घरात बसलेल्या माणसाच्या बाजूने, करण्याचे योजिले आहे.

१. पद्धतीचे स्वरूप

फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन विदुषींनी १९८७ मध्ये एका उद्यानात फिरत असताना असे टिपले की, नजर आपोआप भराभर इकडून तिकडे फिरली असता मनातील त्रासदायक विचारांची धार कमी होते. या निरीक्षणावरून त्यांनी एक कार्यपद्धती रचली व १९८९ मध्ये तिच्यावरील पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे तिला आठ टप्प्यांचे निश्चित रूप आले: पूर्ववृत्ताची नोंद, पूर्वतयारी, मूल्यांकन, संवेदनशीलतेचे शमन, इष्ट धारणेची दृढ स्थापना, शरीरसंवेदनांचे परीक्षण, समारोप आणि पुढील भेटीतील पुनर्मूल्यांकन. म्हणजे डोळ्यांची हालचाल ही या आठांपैकी काही टप्प्यांतच येते, हे प्रारंभीच लक्षात ठेवणे इष्ट होय.

उदाहरणार्थ, घाटात उलटलेल्या प्रवासी गाडीतून वाचलेली एक स्त्री आहे अशी कल्पना करू. अपघाताला दोन वर्षे झाली, तरी वळणावर गाडीचा करकरता आवाज ऐकला की तिच्या पोटात गोळा येतो. मूल्यांकनाच्या टप्प्यात ती त्या प्रसंगाचे सर्वांत क्लेशदायक चित्र निवडते. त्याच्याशी जडलेली 'मी आता मरणार' ही धारणा सांगते. आणि तिच्या जागी कोणती धारणा असावी असे वाटते तेही सांगते: 'मी वाचले आहे, मी आता सुरक्षित आहे.' या दुसऱ्या वाक्याची सत्यता तिला मनोमन किती पटते, हे १ ते ७ या मापावर विचारले जाते. चित्र आठवताना होणारा त्रास ० ते १० या मापावर. यांतील दुसरी मापिका मुळात जोसेफ वोल्प यांच्या वर्तनोपचारातून आलेली आहे. त्यानंतर नेत्रचलनाचे आवर्तन सुरू होते. एका आवर्तनात साधारणतः वीस-पंचवीस फेऱ्या होतात. मग उपचारक थांबतो, 'आता काय जाणवते?' एवढेच विचारतो आणि जे उत्तर येईल त्यावरून पुढे जातो. त्रासाचे माप शून्याजवळ येईपर्यंत व इष्ट धारणा पुरती पटेपर्यंत हा क्रम चालतो.

या पद्धतीला आज शास्त्रीय मान्यता आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आघातोत्तर तणाव-विकृतीसाठी तिची शिफारस केली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ मध्ये प्रौढांसाठी तिला मान्यता दिली; मात्र युद्धातील आघात त्या शिफारशीतून वगळले.

२. प्राण कशात आहे?

पद्धती गुणकारी आहे, हे एक विधान. ती डोळ्यांच्या हालचालीमुळे गुणकारी आहे, हे दुसरे. या दोहोंची गल्लत पुष्कळदा होते. रिचर्ड मॅकनॅली यांनी १९९९ मध्ये या पद्धतीची तुलना मेस्मरच्या संमोहन-चळवळीशी केली; तिच्यात जे गुणकारी आहे ते जुनेच आहे, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. डेव्हिडसन व पार्कर यांच्या २००१ मधील एकत्रित विश्लेषणात नेत्रचलनामुळे काही अधिक लाभ होतो असे आढळले नाही. उलट ली व क्युपर्स यांच्या २०१३ मधील विश्लेषणात नेत्रचलनाचा स्वतंत्र परिणाम आढळला.

या परस्परविरोधी निष्कर्षांतून वाट काढणारी उपपत्ती कार्यकारी स्मृतीच्या सिद्धान्तातून आली. बॅडली व हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या सिद्धान्तानुसार, एका क्षणी मनापुढे धरता येणाऱ्या सामग्रीला मर्यादा असते. दुःखद चित्र मनापुढे धरून त्याच वेळी हलत्या वस्तूवर नजर ठेवावी लागली, तर अवधानाची वाटणी होते. चित्राची स्पष्टता व भावनिक दाहकता उणावते. आणि अशा फिकट रूपात ते चित्र पुन्हा स्मृतीत जमा होते. अँड्रेड, कॅव्हना व बॅडली यांनी १९९७ मध्ये या दिशेचे प्रायोगिक पुरावे दिले, व पुढे नेदरलँड्समध्ये व्हान डेन हाउट आणि एंगेलहार्ड यांनी हा विचार विस्ताराने तपासला.

याहून महत्त्वाचा ठरतो तो झाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध केलेला अभ्यास. त्यात काही रुग्णांनी हलत्या हाताचा मागोवा घेतला, काहींनी स्थिर हातावर नजर ठेवली, आणि काहींना नजरेसाठी कोणतेही लक्ष्य दिले नव्हते. पहिल्या दोन गटांत फरक आढळला नाही. परंतु दोन्ही गट तिसऱ्याहून सरस ठरले. याचा अर्थ असा लावता येतो की, हालचालीपेक्षा द्विमुखी अवधान महत्त्वाचे असावे: मनाचा एक भाग भूतकाळात, तर दुसरा समोरच्या वर्तमान वस्तूवर. आघातग्रस्त माणसाची व्यथाच ही असते की, आठवण येताच त्याचे वर्तमान नाहीसे होते. उपचार त्याला आठवणीत उतरू देतो, परंतु वर्तमानाचा दोर त्याच्या हातातून सुटू देत नाही.

३. पडद्यावर काय निभावते?

ही उपपत्ती स्वीकारली, तर बोटाचा अभाव हे संकट उरत नाही. पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकणारा ठिपका नजरेला तेच काम देतो. येथे तंत्राची एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. उपचारकाने आपला हात कॅमेऱ्यापुढे हलविला आणि ते चित्र आंतरजालावरून पाठविले, तर मंद जोडणीमुळे हालचाल तुटक दिसते, व तुटक हालचालीचा मागोवा घेताना डोळे शिणतात. म्हणून ठिपका उपचारार्थीच्याच संगणकावर निर्माण व्हावा आणि उपचारकाने दुरून फक्त त्याची गती व काल नियंत्रित करावा, ही व्यवस्था अधिक योग्य होय.

पडद्याची रुंदीही विचारात घ्यावी लागते. सुमारे ३१ सेंटिमीटर रुंदीचा संगणक-पडदा ५० सेंटिमीटरवरून पाहिला, तर नजर जवळजवळ ३४ अंशांच्या कोनातून फिरते. भ्रमणध्वनी उभा धरून, ७ सेंटिमीटरचा पडदा ३० सेंटिमीटरवरून पाहिला, तर हा कोन १३ अंशांवर येतो. एवढ्या अल्प हालचालीने अवधानावर पुरेसा भार पडेल असे गृहीत धरता येत नाही. ज्याच्यापाशी केवळ भ्रमणध्वनीच आहे, अशा उपचारार्थीसाठी स्पर्शाचा मार्ग बरा. दोन्ही हात छातीवर एकमेकांवरून घेऊन आळीपाळीने खांद्यांजवळ हलकेच थोपटण्याची 'फुलपाखरू-मिठी' नावाची रीत आहे. मेक्सिकोतील अकापुल्को येथे १९९७ च्या पॉलिन चक्रीवादळातून वाचलेल्या मुलांबरोबर काम करताना लुसिना आर्तिगास यांनी ती योजिली. साथीच्या काळाहून कितीतरी आधीची ही रीत दूरस्थ उपचारास मात्र जणू मुद्दाम घडविल्याप्रमाणे उपयोगी पडली. किंबहुना, शमनाचे साधन उपचारार्थीच्या स्वतःच्या हाती येते, हा तिचा एक वेगळाच गुण म्हटला पाहिजे.

४. पडद्यावर काय निसटते?

खरी अडचण डोळ्यांची नसून खोलीची आहे. पुन्हा आपल्या उदाहरणातील स्त्रीकडे वळू. 'मी आता सुरक्षित आहे' हे वाक्य ती उपचारकाच्या खोलीत उच्चारते, तेव्हा त्या वाक्याला त्या खोलीचाच आधार असतो. दार बंद आहे, कोणी आत येणार नाही, समोरचे माणूस शांत आहे. हे वर्तमान उपचारकाने सिद्ध करून ठेवलेले असते व उपचारार्थीला ते आयते लाभते. दूरस्थ उपचारात ते तिला स्वतःलाच उभारावे लागते. दोन खोल्यांच्या घरात सासूबाई पलीकडे निजल्या आहेत, दाराला कडी नाही, कोणत्याही क्षणी मूल हाक मारील, अशा स्थितीत तिचे अर्धे अवधान दाराकडे असते. द्विमुखी अवधानाला येथे तिसरे मुख फुटते, आणि ते उपचाराचे नसून पहाऱ्याचे असते. आणि तिचा आघात अपघाताचा नसून घरातल्याच कोणाच्या मारहाणीचा असेल, तर ते वाक्य त्या घरात बसून म्हणणे म्हणजे असत्य उच्चारणे होय. अशा वेळी १ ते ७ च्या मापावर ती २ म्हणाली, तर तो तिच्या मनाचा विकार नव्हे. ती परिस्थितीची अचूक नोंद आहे.

यास्तव दूरस्थ उपचारात दुसऱ्या टप्प्याचे, म्हणजे पूर्वतयारीचे, महत्त्व अनेक पटींनी वाढते. प्रत्येक भेटीच्या आरंभी उपचारार्थी त्या क्षणी कोठे आहे, घरात कोण आहे व दार बंद होते काय, हे विचारले पाहिजे. घरातील कोणी ऐकत असेल तर उच्चारावयाचा एखादा निरुपद्रवी सांकेतिक शब्द ठरविला पाहिजे. आणि निकडीच्या प्रसंगी ज्याला दूरध्वनी करावयाचा अशा विश्वासू व्यक्तीचे नाव आधी नोंदविले पाहिजे. जोडणी मध्येच तुटली तर काय करावयाचे, हेही आधीच ठरलेले असावे. ऐन आवर्तनात पडदा काळा झाला, तर उपचारार्थी आठवणीच्या तळाशी एकटा उरतो. तेव्हा त्याने आवर्तन थांबवावे, पावले जमिनीवर टेकवावीत, खोलीतील पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत, आणि उपचारकाने तत्काळ साध्या दूरध्वनीवर त्याला गाठावे. हा सराव पहिल्या आवर्तनाआधी एकदा प्रत्यक्ष करून पाहणे अगत्याचे आहे.

उपचारकाच्या बाजूनेही काही निसटते. पडद्याच्या चौकटीत चेहरा दिसतो. थरथरणारे गुडघे, आवळलेल्या मुठी, रोखलेला श्वास चौकटीबाहेर राहतात. म्हणून कॅमेरा थोडा दूर ठेवून हात व छाती दिसतील अशी बैठक योजावी, आणि जे दिसत नाही ते विचारून घ्यावे. ज्यांच्या बाबतीत आत्मघाताचा धोका निकट आहे, ज्यांना तीव्र विलगतेचे झटके येतात, अथवा जे अत्याचार करणाऱ्याच्याच घरात राहतात, त्यांच्यासाठी प्रत्यक्ष भेटीचा मार्ग शोधणे हेच श्रेयस्कर.

शेवटी, समारोपाचा टप्पा. पूर्वी भेट संपली की उपचारार्थी जिना उतरून रस्त्यावर येई, बसची वाट पाही, आणि घरी पोहोचेपर्यंत मन काहीसे निवळे. हा प्रवास कोणत्याही ग्रंथात उपचाराचा टप्पा म्हणून नोंदलेला नाही. पण त्याने उंबरठ्याचे काम केले. आता पडदा मिटताच ती स्त्री त्याच खुर्चीत, त्याच घरात असते, आणि मिनिटाभरात तिला कुकर लावावयाचा असतो. म्हणून दूरस्थ भेटीत समारोपाला अधिक वेळ द्यावा, आणि भेटीनंतरचा काही काळ, गच्चीवर फेरी मारण्यापुरता का होईना, तिने स्वतःसाठी राखून ठेवावा.

५. पुराव्याची सद्यःस्थिती व पुढील कार्य

साथीच्या काळातील दूरस्थ उपचारांचे एक मूल्यमापन ब्रिटनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यात उपचारानंतर रुग्णांच्या लक्षणांत ठळक घट आढळली. परंतु तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, म्हणून त्यावरून दूरस्थ व प्रत्यक्ष उपचार समान आहेत असे सिद्ध होत नाही. काळ गेल्याने आपोआप झालेली सुधारणा त्यातून वेगळी काढता येत नाही. आशेला आधार आहे, निश्चितीला अद्याप नाही, असेच म्हणणे न्याय्य होईल.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य-सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि २०२० मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने दूरस्थ मानसोपचारासंबंधी मार्गदर्शनही केले. तथापि कायद्याने दिलेली गोपनीयता उपचारकाच्या कागदपत्रांचे रक्षण करते. घराच्या भिंती ती जाड करू शकत नाही. येथेच आपल्या विभागातील संशोधकांना काम आहे. मराठी घरात एकांत कोठे व कोणत्या वेळी मिळतो, आणि तो मिळविण्यासाठी स्त्रीला काय कारण सांगावे लागते, याची पाहणी व्हावयास हवी. शरीरसंवेदनांच्या टप्प्यासाठी आपल्या भाषेतील शब्दांचा संग्रह झाला पाहिजे: छातीत धस्स होणे, जीव घाबरा होणे, हातपाय गळणे, घशाला कोरड पडणे. 'शून्य ते दहा' या अंकांपेक्षा असे शब्द पुष्कळांना अधिक जवळचे वाटतील. ते तसे वाटतात काय, हेही तपासूनच ठरविले पाहिजे.

सारांश, पडद्यावर गेल्याने या उपचारातील ज्या भागाचा सर्वाधिक गाजावाजा झाला, ते नेत्रचलन, फारसे बिघडले नाही. आणि ज्याकडे कोणाचे लक्ष नव्हते ती बंद दाराची खोली मात्र उपचाराचा केवढा मोठा भाग होती, हे उघड झाले. भूतकाळाचे ओझे उतरविण्यासाठी पाय टेकावयास सुरक्षित वर्तमान लागते. दूरस्थ उपचारक ते उपचारार्थीच्या घरी पाठवू शकत नाही. परंतु ते तेथे आहे की नाही याची चौकशी तो करू शकतो, आणि नसेल तर, ते लाभेपर्यंत, पहिले आवर्तन सुरू न करण्याचा संयम त्याने बाळगला पाहिजे.