बॅटरी खाली धरा!

रविवारी पहाटे साडेतीनचा अलार्म. परीक्षा नाही, सबमिशन नाही, तरीही आम्ही पाच जण उठलो. खरं सांगायचं तर चार जण उठलो, पाचव्याला त्याच्या आईनं उठवलं. डिसेंबरची थंडी अशी की गाडीच्या हँडलवर हात ठेववत नव्हता. दिंडोरीतून निघालो तेव्हा द्राक्षबागांवर धुकं उतरलं होतं आणि रस्त्यावर आम्ही आणि दुधाच्या किटल्या घेऊन चाललेले एक काका, एवढीच रहदारी होती.

जायचं होतं बोरगडला. लांब कुठे नाही, आपल्याच तालुक्यात. नाशिकहून पेठ रस्त्यानं आलात तरी पंधरा-एक किलोमीटर. हा डोंगर आपण कॉलेजला जाता-येता शंभर वेळा पाहिलेला असतो. माथ्यावर हवाई दलाचं केंद्र आहे, त्यामुळे ‘तो रडारचा डोंगर’ एवढीच त्याची ओळख. पण त्याच्या उतारावरचं जंगल महाराष्ट्रातलं पहिलं ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ आहे, हे आमच्यापैकी चौघांना माहीत नव्हतं. पाचवी मी, आणि मलाही ते आदल्या आठवड्यातच कळलं होतं.

यावेळी आम्ही वाटाड्या घेऊन गेलो. त्यामागे एक कारण आहे आणि ते सांगताना जरा लाज वाटते.

मागच्या वर्षी हीच गँग सूर्योदय बघायला शेजारच्या रामशेजवर गेली होती. वाटाड्या नाही, मोबाइलवरचा नकाशा आणि ब्लूटूथ स्पीकर मात्र होता. वर गेलो, गाणी लावली, दोनशे फोटो काढले. उतरताना कुणाला तरी चोर दरवाजा शोधायची हुक्की आली आणि आम्ही नेहमीची वाट सोडली. घसाऱ्यावर एका मित्राचा पाय मुरगळला. रेंज नव्हती. बकऱ्या घेऊन आलेल्या एका काकांनी त्याला खांद्याचा आधार देत खाली आणलं. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. ‘‘येताना गावात कोणाला तरी सांगत जा ना पोरांनो,’’ एवढंच म्हणाले. त्या दिवशी आम्ही काय पाहिलं, असं आज विचाराल तर मला फक्त फोटो आठवतात.

म्हणून यंदा आधी वन विभागाकडे चौकशी केली, परवानगी घेतली आणि पायथ्याच्या गावातल्या एका दादाला सोबत यायला विचारलं. वय असेल चोवीस-पंचवीस. म्हणजे आमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा. आठवडाभर द्राक्षबागेत रोजानं जातो. सध्या थिनिंग आणि डिपिंगचा सीझन, त्यामुळे रविवारीही दहापर्यंत परत यायचं, ही त्याची अट होती.

सव्वापाचला चालायला सुरुवात केली. आम्ही सगळ्यांनी मोबाइलचे टॉर्च लावले, तेही पार समोर, झाडांवर. दादा थांबला.

‘‘बॅटरी खाली धरा. पायापुरती. पाच जणांना एक बास.’’

चार टॉर्च बंद झाले. पहिली दोन मिनिटं काहीच दिसेना. मग हळूहळू वाट दिसायला लागली, कडेचं गवत दिसायला लागलं, आणि वर पाहिलं तर इतके तारे! तारे रोजच असतात, आपण टॉर्च लावून बसलेलो असतो.

थोडं पुढे गेलो आणि दादानं हात वर केला. वाटेवर मधोमध दोन लाल ठिपके चमकत होते, विझत आलेल्या निखाऱ्यांसारखे. कुणीतरी हळूच ‘बिबट्या?’ म्हणालं आणि माझ्या पोटात गोळा आला. दादा हसला. ‘‘एवढासा बिबट्या असतो का? रातवा हाय तो. पक्षी.’’ आम्ही आणखी चार पावलं टाकली तसे ते निखारे आवाज न करता उडून गेले. रातवा दिवसा जमिनीवर पालापाचोळ्यात बसतो आणि रंग असा की शेजारून गेलात तरी दिसत नाही. रात्री मात्र मोकळ्या वाटेवर येऊन बसतो आणि उडते किडे टिपतो. आमचे पाच टॉर्च चालू असते, तर तो आम्ही पोचायच्या आधीच उडाला असता.

बिबट्याचा विषय निघालाच होता. आपल्याकडे बिबट्या म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपवरची क्लिप आणि उसाच्या शेतात लावलेला पिंजरा. दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या कुणालाही विचारा, संध्याकाळी मळ्यात एकटं जायची भीती ही गोष्ट गंमतीची नाही. दादानं वाटेत केस असलेली वाळलेली विष्ठा दाखवली. ‘‘मग तो इथं आहे?’’ मैत्रिणीनं विचारलं. ‘‘आसंल. ताई, आपल्याला तो दिसला नाही म्हणजे त्याला आपण दिसलो नाही असं नसतं.’’ यानंतर आमच्या गँगमध्ये कुणीही मागे रेंगाळलं नाही.

सहाच्या सुमाराला पूर्वेकडे उजळायला लागलं. आणि मग आवाज. आधी गावातले कोंबडे, मग दरीतून मोर, मग तित्तर. दादा एकेक आवाज बोटानं दाखवत होता, म्हणजे आवाजाची दिशा दाखवत होता. कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तो नक्कल करतोय हे कळायला मात्र मूळ आवाज माहीत असावा लागतो. आम्हाला तो माहीत नव्हता, दादाला होता.

गवतावर दव पडलं होतं आणि त्यामुळे कोळ्यांची जाळी उठून दिसत होती. प्रत्येक जाळ्याच्या टोकाला नरसाळ्यासारखं भोक. दादानं गवताची काडी घेऊन जाळ्याला हलकेच स्पर्श केला. भोकातून कोळी झपकन बाहेर आला, भक्ष्य नाही हे बघून परत आत गेला. आम्ही पाचही जण उकिडवे बसून ते पाहत होतो. कुणीही मोबाइल काढला नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

आता थोडं त्या ‘राखीव’ भानगडीबद्दल, कारण हे कळल्यावर माझा त्या उताराकडे पाहायचा दृष्टिकोन बदलला. राष्ट्रीय उद्यानं आपल्याला माहीत असतात. महाराष्ट्रात अशी सहा आहेत: ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. तिथले नियम सगळ्यात कडक, चराईसुद्धा चालत नाही. पण वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली आणि ‘संवर्धन राखीव’ असा एक नवा प्रकार आला. जमीन सरकारचीच, पण जाहीर करण्याआधी स्थानिकांशी बोलणं आवश्यक, आणि सल्ला देणाऱ्या समितीत वन विभागाबरोबर ग्रामपंचायतींचे आणि संस्थांचे प्रतिनिधी असतात. थोडक्यात, गावाला बाहेर काढून नाही, गावाला सोबत घेऊन जंगल राखायचं.

बोरगडला हा दर्जा २००८ मध्ये मिळाला. क्षेत्र साधारण ३४९ हेक्टर, म्हणजे साडेतीन चौरस किलोमीटरच्या आसपास. ताडोबासमोर हे काहीच नाही. पण हा उतार एकेकाळी जवळजवळ उघडा पडला होता. नेचर कॉन्झर्व्हेशन सोसायटी ऑफ नाशिक ही संस्था, वन विभाग आणि पायथ्याची गावं यांनी मिळून तो पुन्हा हिरवा केला. दादा तेव्हा प्राथमिक शाळेत होता. ‘‘आमची आजी म्हणायची, डोंगरावरचा दगड न दगड मोजता यायचा. आता मोज म्हटलं तर मोजता येतो का?’’ समोर पळस, साग, करवंदीच्या जाळ्या आणि कमरेएवढं गवत. दगड मोजता येत नव्हते.

झाड लावणं सोपं असतं, फोटोही चांगला येतो. गुरं दुसरीकडे न्यायची, सरपणासाठी आणखी लांब चालायचं, हे वर्षानुवर्षं करणं अवघड असतं. आम्ही ज्या सावलीतून चाललो होतो तिची किंमत आमच्यापैकी कुणी दिलेली नव्हती.

सातच्या सुमाराला सूर्य वर आला आणि समोरचा रामशेज एकदम सोनेरी झाला. दादा एका दगडावर टेकला आणि गोष्ट सांगायला लागला. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं रामशेजला वेढा घातला. सरदार होता शहाबुद्दीन खान. किल्ला छोटा, आसपास मोकळं रान, चार दिवसांत पडेल असं वाटलं असणार. मावळ्यांनी तो पाच वर्षांहून जास्त काळ लढवला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर त्यांनी लाकडाच्या तोफा करून त्याला चामडं वापरलं, हे मुघलांकडच्या खाफीखानानंच लिहून ठेवलंय. आम्ही मागच्या वर्षी त्याच गडावर उभे होतो. गाणी कुठली लावली होती ते आठवतं, यातलं मात्र काहीच माहीत नव्हतं.

मी दादाला विचारलं, ‘‘तू हेच काम पूर्णवेळ का करत नाहीस?’’

‘‘बोलवतं कोण? लोक म्हणतात, गाईड कशाला, गूगल मॅप हाय ना.’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मागच्या वर्षी आम्हीही तेच म्हणालो होतो. ताडोबात सफारीला गेलं की गाडीत स्थानिक गाईड घ्यावाच लागतो, त्यातून आसपासच्या गावांमधल्या तरुणांना काम मिळतं. आपल्याकडे तशी सक्ती नाही आणि आपण आपणहून विचारत नाही. आम्ही पाच जणांनी मिळून दादाला पाचशे रुपये दिले. प्रत्येकी शंभर. कॉलेज रोडवर एका कोल्ड कॉफीला याहून जास्त लागतात आणि तिथं आपण घासाघीस करत नाही. दादाला डोंगराची नोकरी मिळाली नाही, तर तो बागेत जाईलच, उपाशी राहणार नाही. पण रातवा कुठे बसतो, पाणी कुठे उशिरापर्यंत टिकतं, हे त्याच्यानंतर कुणाला सांगता येईल?

परतताना एका ठिकाणी गवत कापून पट्टा मोकळा केलेला दिसला. मला वाटलं, नवीन वाट असेल. ती जाळरेषा होती. फेब्रुवारीपासून गवत कडकडीत वाळतं, तेव्हा वणवा लागला तर तो या पट्ट्यापाशी अडावा म्हणून. वणव्यात मोठी झाडं कशीबशी तगतात, पण रोपं जातात आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लंही. ‘‘कारण काय असतं?’’ ‘‘कधी कोणी मुद्दाम लावतं, नवं गवत चांगलं येईल म्हणून. कधी नुसतं सिगारेटचं थोटूक.’’ आमच्यातल्या एकानं खिशातलं पाकीट आणखी आत ढकललं. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून जास्त ट्रेकर्स गेले होते. त्यात आपल्यासारखी वीस-पंचविशीतली पोरं होती. ही बातमी आम्ही वर्गात ‘केस स्टडी’ म्हणून वाचली होती. त्या सुक्या गवतात उभं राहिल्यावर ती वेगळी वाटली.

सगळं छान छान झालं असं नाही. मोजेभर कुसळं घुसली, ती काढायला अर्धा तास गेला. ज्याला आईनं उठवलं होतं, तो बिबट्या दिसला नाही म्हणून नाराज होता. रीलसाठी म्हणाल तर माझ्याकडे एक अंधारातला काळा व्हिडिओ आहे आणि त्यात कुणीतरी ‘श्शू’ म्हणतंय.

साडेनऊला खाली आलो. दादानं चहाही घेतला नाही, त्याला बागेवर जायचं होतं. आम्ही टपरीवर बसलो. ज्याचा पाय मुरगळला होता तो बराच वेळ समोरच्या रामशेजकडे बघत होता. मग म्हणाला, ‘‘पुढच्या रविवारी परत जाऊ तिकडे. चोर दरवाजा बघायचा राहिलाय. पण आधी दादाला फोन कर.’’

फोन मी लगेच केला. दादा म्हणाला, डिपिंग संपू दे, मग या.

तुम्हीही जाणार असाल तर…

● राखीव क्षेत्रात जाण्याआधी वन विभागाकडे चौकशी करून परवानगी घ्या. माथ्यावरच्या हवाई दलाच्या हद्दीकडे फिरकू नका, तिकडचे फोटोही नकोत.

● पायथ्याच्या गावातल्या जाणकाराला सोबत घ्या. पैसे आधी ठरवा आणि ठरवलेले द्या.

● पाच-सहा जणांपेक्षा मोठा ग्रुप नको. स्पीकर घरी ठेवा, टॉर्च जमिनीकडे धरा.

● फुल पँट, पकड असलेले बूट, मातकट रंगाचे कपडे, प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी.

● काडेपेटी, सिगारेट, शेकोटी काहीही नको. नेलेला प्रत्येक कागद परत आणा.

● कुठे जाताय आणि किती वाजता परत येणार, हे घरी सांगून निघा. रेंजवर विसंबू नका.