ई-बाईकचा ब्रेक : तेलाचा की वायरचा?

घरपोच माल देण्यासाठी बॅटरीची सायकल घेऊ पाहणाऱ्या वसई-विरारच्या दुकानदार बांधवांना आमचे सांगणे एवढेच की, बॅटरीइतकीच ब्रेकचीही चौकशी करा. हे वाहन साध्या सायकलीपेक्षा जड, त्यात मागे माल. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी चौपट ऊर्जा जिरवावी लागते.

डिस्क दोन्हींत असते. फरक जोर पोहोचवण्यात आहे. मेकॅनिकल ब्रेकमध्ये पोलादी वायर पॅड दाबते. पावसात नालासोपाऱ्याचे रस्ते पाण्याखाली जातात, अर्नाळ्याकडे खारी हवा. वायरीला गंज धरला की लिव्हर जड होतो. पॅड झिजले की वायर ताणून घ्यावी लागते. मात्र वायर स्वस्त असते आणि साधा सायकलवालाही ती बदलून देतो.

हायड्रॉलिकमध्ये हेच काम बंद नळीतले तेल करते. ब्रेक दोन बोटांनी लागतो, पॅडची झीज बहुधा आपोआप भरून निघते. पण तेलात हवा शिरली की लिव्हर पोकळ लागतो. ती काढायला जाणता कारागीर लागतो. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट तेल घातल्यास आतले रबरी सील खराब होतात.

आमच्या मते, रोज ओझे वाहणाऱ्याने चार पैसे जास्त मोजून हायड्रॉलिक घ्यावा. आधी जवळपास त्याचा कारागीर आहे ना, ते पाहावे. नसेल तर मेकॅनिकल बरा, पण वायरी मे महिन्यातच बदलाव्यात. ब्रेक कोणताही घ्या, लिव्हर दाबताच मोटर बंद पडते का, हे दुकानातच तपासावे आणि मगच पैसे द्यावेत.