पाणी वाढवलं, गवत वाढलं, पोषणाचं काय?

कल्याण-भिवंडीकडच्या तबेल्यांत हिरवा चारा भाऱ्यावर किंवा वजनावर घेतला जातो. प्रथिनं मोजून पैसे कुणी देत नाही. त्यामुळे "पाणी वाढवलं की चारा चांगला होतो" हे सहज पटतं. चाऱ्यावर संशोधन करायचा विचार असेल, तर आधी यातला 'चांगला' हा शब्द पकडा. चांगला म्हणजे जास्त, की पौष्टिक?

ठाणे जिल्ह्यात पाऊस भरपूर, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. नंतर नेपिअर किंवा पॅरा गवत हिरवं ठेवायचं तर पाणी द्यावंच लागतं.

पाणी मुबलक असलं की गवत झपाट्याने वाढतं, खोड लांबतं, गवत लवकर जून होतं. जमिनीतलं नत्र मात्र तेवढंच. ते जास्त वाढीत वाटलं जातं आणि प्रथिनांची टक्केवारी उतरते. पाण्याचा थोडा ताण बसला तर वाढ मंदावते, पण खोडाच्या मानाने पानं जास्त राहतात आणि चारा बऱ्याचदा पचायला हलका असतो. ताण फार झाला की पानंच वाळून जातात. शिवाय चाऱ्यात नायट्रेट साठू शकतं आणि ते जनावराच्या जिवावर बेतू शकतं.

आता हिशोब करू. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. भरपूर पाण्यात हेक्टरी 10 टन शुष्क चारा, प्रथिनं 8 टक्के: म्हणजे 800 किलो. कमी पाण्यात 7 टन, प्रथिनं 10 टक्के: म्हणजे 700 किलो. टक्केवारीत दुसरा पुढे, हेक्टरी उत्पादनात पहिला. शेतकऱ्याला किलो महत्त्वाचे. म्हशीचं पोट मात्र मर्यादित, म्हणून तिला टक्केवारी महत्त्वाची. ती साधारण 7 च्या खाली गेली, की कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांना नत्र कमी पडतं आणि जनावराचं खाणंही घटतं. म्हणून प्रबंधात दोन्ही आकडे द्या.

प्रयोग आखताना तीन गोष्टी सांभाळा.

एक, 'कमी, मध्यम, जास्त पाणी' असं मोघम लिहू नका. बाष्पीभवन पात्रावरून पाळी ठरवा. दर पाळीला 60 मिमी पाणी देणार असाल आणि पाणी-बाष्पीभवन गुणोत्तर 1.0 असेल, तर 60 मिमी बाष्पीभवन झाल्यावर पाणी द्यायचं, 0.5 असेल तर 120 मिमी झाल्यावर. रोज 5 मिमी पाणी उडत असेल, तर पाळी अनुक्रमे 12 आणि 24 दिवसांनी येते.

दोन, कापणीचं वय. सगळे वाफे एकाच दिवशी कापले, तरी भरपूर पाण्याचं गवत जास्त जून झालेलं असतं. मग फरक पाण्याचा की जूनपणाचा? वाढीची अवस्था आणि पान-खोड प्रमाण नोंदवलं नसेल, तर याचं उत्तर नंतर प्रयोगशाळेतही मिळत नाही.

तीन, पाणी कुठलं? वालधुनीसारख्या सांडपाणी वाहणाऱ्या नदीचं पाणी असेल, तर त्यासोबत नत्रही येतं. तिथे जास्त पाणी म्हणजे जास्त खतसुद्धा! प्रथिनं वाढलेली दिसतील आणि श्रेय चुकून पाण्याला जाईल. म्हणून पाण्यातलं नत्र तपासा, जमलं तर जड धातूही.

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: माझ्या निष्कर्षावर विसंबून कुणी पाण्याची एक पाळी कमी केली, तर त्याच्या म्हशीच्या दुधाचं काय होईल? याचं उत्तर देण्यासाठी जे मोजावं लागेल, तेच तुमच्या निरीक्षणांच्या यादीत हवं.