विलासनौकांचा धंदा आणि बिनसमुद्राचा जिल्हा

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. २०२४ पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले; म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी अजून नगरच आहे. अशा ठिकाणी श्रीमंतांच्या विलासनौकांची, म्हणजे ज्यांना जगभर यॉट म्हणतात त्यांची, चर्चा कशाला, असे कोणी विचारले तर आम्ही त्यास चौलची आठवण देऊ. चौल हे निजामशाहीचे बंदर. १५७० साली मूर्तजा निजामशहाने तेथील पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला, तो काही समुद्राची हवा खाण्यासाठी नव्हे. आज त्याच अलिबाग तालुक्यात, मांडव्याच्या धक्क्यापाशी, मुंबईच्या धनिकांच्या नौका येऊन लागतात.

यॉट हा शब्द मूळचा डच. चपळ, पाठलागाच्या कामाचे गलबत असा त्याचा अर्थ. १६६० साली डचांनी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला अशी एक नौका भेट दिली आणि कामाचे गलबत राजाच्या करमणुकीचे झाले. तेव्हापासून या धंद्याचे गिऱ्हाईक तेच राहिले आहे: थोडे, लहरी, आणि बाजार पडला की सर्वांत आधी हात आखडता घेणारे.

नौका विकत घेणे सोपे, पोसणे कठीण. दरसाल किमतीचा दहावा हिस्सा देखभालीला लागतो, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. खलाशी, विमा, इंधन, बुडाचा रंग, नांगरण्याची जागा, असा हा खर्च. आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर पडते. जूनमध्ये समुद्र खवळला की गेटवेसमोर उघड्यावर नांगरलेल्या नौका हलवाव्या लागतात, आणि जवळजवळ चार महिने त्या नुसत्या खातात, कमावत नाहीत. नौका सुरक्षित बांधून ठेवण्याच्या बंदिस्त धक्क्याला मरीना म्हणतात. तसा एक कोचीला बोलगट्टी बेटावर आहे. पण एवढ्या मोठ्या किनाऱ्याला अशी ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकी. गोठा नसताना गाय घ्यावी, त्यातला हा प्रकार.

करांचा प्रश्न याहून नाजूक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून विलासनौकांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. चैनीवर कर बसावा, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु तो शेवटी कोणाच्या डोक्यावर बसतो, हे पाहिले पाहिजे. १९९१ साली अमेरिकेने एक लाख डॉलरांवरील किमतीच्या नौकांवर दहा टक्के चैनकर बसवला. धनिकांनी नौका घेणे थांबवले, किंवा जुनीच नौका आणखी चार वर्षे वापरली. त्यांचे काही अडले नाही. काम गेले ते गोदीतल्या सुताराचे, रंगाऱ्याचे, वेल्डरचे. १९९३ साली तो कर मागे घ्यावा लागला.

नौका हा यंत्रातून भराभर पडणारा माल नव्हे. एकेक नौका महिनोन्‌महिने, मोठी असेल तर वर्षानुवर्षे बांधली जाते. गिऱ्हाइकाकडून हप्त्याहप्त्याने पैसे येतात, आणि एक गिऱ्हाईक मध्येच फिरले की बांधणारा बुडतो. तरीही आपल्याकडे हे कसब उभे राहू शकते, याचा दाखला गोव्यात आहे. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची नौका बांधली गेली. आराखडा डच, हात इथलेच. लाकडाच्या पट्ट्यांवर काचतंतूंचे थर चढवून तिचे अंग घडवले. २००९ साली ती नौदलात दाखल झाली, आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते २२ मे २०१० या काळात तीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. तिची बहीण ‘तारिणी’ २०१७ साली आली. तीतून सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये, आणि दोघीच २०२४-२५ मध्ये, जगाला वळसा घालून परतल्या. या नौका विलासाच्या नव्हेत हे खरे, पण दक्षिण महासागराच्या लाटा सोसणारे अंग जो बांधतो, त्याला श्रीमंताची खोली सजवणे अवघड नाही. अडचण कसबाची नाही. एक नौका झाली की दुसरीची मागणी येईपर्यंत कारागिरांना सांभाळायचे कसे, ही आहे.

पुढची वाट कोणती? परदेशांत आता एक नौका अनेकांनी मिळून घेण्याची व पाळीपाळीने वापरण्याची पद्धत रुजते आहे. हे वाचून आम्हांला हसू आले. एकट्याला न झेपणारा कारखाना पुष्कळांनी मिळून उभारावा, हे प्रवरानगरच्या शेतकऱ्याने १९५० सालीच करून दाखवले होते! दुसरी वाट इंधनाची. केरळात वैकम येथे २०१७ पासून ‘आदित्य’ नावाची ७५ प्रवाशांची होडी सूर्यशक्तीवर चालते. धूर नाही, आवाज नाही, पाण्यावर तेलाचा तवंग नाही. तिसरी गोष्ट कोणी फारशी बोलत नाही: काचतंतूचे अंग कुजत नाही, म्हणून जुन्या नौकांचे करायचे काय, हा प्रश्न प्रत्येक नव्या नौकेबरोबर वाढतो.

यातले आमच्या उपयोगाचे काय, ते आमच्या धरणांवर जाऊन पाहावे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या जलाशयातून शेंडीहून रतनवाडीकडे, अमृतेश्वराच्या देवळाच्या वाटेने, प्रवासी होडीने जातात. मुळा धरणाचे पाणी तर नगर शहर पिते. अशा पाण्यावर पेट्रोलचे इंजिन की विजेचे, हा विलासाचा प्रश्न नाही. २१ मे २०२४ रोजी शेजारच्या उजनी जलाशयात वादळात होडी उलटून सहा जण बुडाले. विलासनौकेच्या गिऱ्हाइकाला विमा, प्रशिक्षित खलाशी आणि माणशी एक तरंगते जाकीट न मागता मिळते. भंडारदऱ्याच्या होडीत चढणाऱ्याने निदान ते जाकीट मागून घ्यावे, आणि ते देता येईल इतके भाडे होडीवाल्याला खळखळ न करता द्यावे.